श्रद्धेचा भार कुणावर? जिमी कार्टर आणि ख्रिस्ती राजकारण्याची कसोटी



अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात प्लेन्स नावाचं एक लहान गाव आहे. वस्ती हजाराच्याही आत, भोवताली भुईमुगाची शेती. १९६५ साली तिथल्या बॅप्टिस्ट चर्चच्या सभेपुढे एक ठराव आला. नागरी हक्कांच्या चळवळीतले कृष्णवर्णीय कार्यकर्ते गोऱ्यांच्या चर्चमध्ये उपासनेला येऊ लागले होते. त्यांना दारातच अडवावं, असं चर्चच्या डीकन मंडळाने ठरवलं होतं आणि सभेची मान्यता हवी होती. जिमी कार्टर हे त्या मंडळाचे एक सदस्य, गावातले भुईमुगाचे व्यापारी आणि राज्याच्या सिनेटचे आमदार. ते सभेत उठून ठरावाविरुद्ध बोलले. मतमोजणी झाली तेव्हा विरोधात जेमतेम सहा मतं होती, त्यातली एक सोडून सगळी कार्टर यांच्या घरातली. बऱ्याच सभासदांनी मतच दिलं नाही. त्याआधी दहाएक वर्षं, वर्णभेद टिकवण्यासाठी निघालेल्या गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’चं सभासद व्हायलाही कार्टर यांनी नकार दिला होता. गावातल्या मंडळींनी पाच डॉलरची वर्गणी आम्हीच भरतो म्हणून पाहिलं, तरी ते बधले नाहीत, आणि काही काळ गिऱ्हाइकांनी त्यांच्या दुकानाकडे पाठ फिरवली. हा माणूस पुढे १९७६ साली अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून आला, आपण ‘नव्याने जन्मलेले’ ख्रिस्ती आहोत हे प्रचारात उघडपणे सांगून. २९ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आजच्या व्याख्यानासाठी मी कार्टर यांची कारकीर्द निवडली, कारण राजकारण्याच्या ख्रिस्ती श्रद्धेला सार्वजनिक जीवनात काय स्थान असावं, या प्रश्नाची साधीसोपी उत्तरं तिच्यापुढे टिकत नाहीत. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. राजकारण्याने आपली श्रद्धा सार्वजनिक जीवनात आणायला माझी हरकत नाही. पण त्या श्रद्धेचा भार त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला आहे की नागरिकांच्या, हे आपण तपासलं पाहिजे. आणि श्रद्धा जाहीर करणारा राजकारणी ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्या हाती स्वतःला जाब विचारण्याचं एक माप देतो, हा त्या जाहीरपणाचा सर्वांत मोठा आणि बहुतेकदा दुर्लक्षित राहणारा उपयोग आहे. कार्टर या कसोटीला काही ठिकाणी उतरले, काही ठिकाणी साफ उतरले नाहीत. दोन्हींचा हिशेब करायला हवा.

प्रचलित उत्तरं दोन आहेत. पहिलं जॉन केनेडी यांचं. ते १९६० साली अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तोवर अमेरिकेत एकही कॅथलिक अध्यक्ष झाला नव्हता. १९२८ साली अल स्मिथ उभे राहिले होते आणि त्यांच्या पराभवात त्यांच्या कॅथलिक असण्याचा मोठा वाटा होता. १२ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट पाळकांच्या सभेपुढे गेले आणि त्यांनी ग्वाही दिली, की चर्च आणि राज्य यांची फारकत आपल्याला संपूर्ण मान्य आहे, आपला धर्म ही आपली खाजगी बाब आहे आणि कोणत्याही धर्मगुरूचा आदेश आपण अध्यक्ष म्हणून पाळणार नाही. विवेक आणि पद यांच्यात कधी तिढा पडलाच तर पदाचा राजीनामा देऊ, हेही त्यांनी सांगितलं. हे वाक्य विसरलं तर केनेडींवर अन्याय होईल. दुसरं उत्तर एकोणीस वर्षांनी आलं. १९७९ साली जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट पाळकाने ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली. श्रद्धा म्हणजे कार्यक्रमपत्रिका, मतदारयादी आणि शेवटी कायदा, असं तिचं रोखठोक गणित होतं. केनेडींच्या उत्तरात श्रद्धा दाराबाहेर ठेवायची, फॉलवेलच्या उत्तरात तिने घराचा ताबा घ्यायचा. पहिलं उत्तर नागरिकाला चर्चपासून वाचवतं, पण राजकारण्याच्या आत जे चाललेलं असतं त्याबद्दल नागरिकाला काही विचारता येत नाही. दुसऱ्यात नागरिकालाच संरक्षण उरत नाही.

कार्टर यांची वाट या दोहोंपेक्षा वेगळी होती आणि ती त्यांनी शोधून काढलेली नव्हती. ती त्यांच्या पंथाची जुनी शिकवण होती, आणि आपल्याकडे हा भाग फारसा माहीत नसल्याने इथे थोडं थांबतो. धर्म आणि राज्य यांच्यातली भिंत ही धर्म न मानणाऱ्यांनी श्रद्धावंतांना आवरण्यासाठी बांधली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेतल्या बॅप्टिस्टांचा इतिहास वेगळं सांगतो. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन सत्तेने रॉजर विल्यम्सला हद्दपार केलं, तेव्हा १६३६ मध्ये त्याने प्रॉव्हिडन्सची वसाहत वसवली, आणि तिथे कुणाच्याही विवेकावर सरकारचा हात पडणार नाही असं ठरवलं. त्याची चिंता धर्माविषयी होती. दंडुक्याच्या धाकाने केलेली प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही, ती देवाचा अपमान करते, अशी त्याची धारणा होती. व्हर्जिनियात अठराव्या शतकात परवान्याविना उपदेश केला म्हणून बॅप्टिस्ट पाळकांना तुरुंगात टाकलं जात होतं. कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी आपल्याला धर्मस्वातंत्र्य हक्क म्हणून हवं आहे, राज्याची मेहेरबानी म्हणून नको, अशी तक्रार टॉमस जेफर्सन यांना कळवली. जेफर्सन यांनी १ जानेवारी १८०२ रोजी त्यांना लिहिलेल्या उत्तरात विभाजनाच्या भिंतीचा तो प्रसिद्ध उल्लेख आहे. म्हणजे ही भिंत मागणारे लोक कडवे श्रद्धावंत होते. कार्टर याच परंपरेत वाढले. सक्तीची प्रार्थना नको, हे त्यांनी उदारमतवादी पुस्तकांत वाचलेलं नव्हतं, ते चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकले होते.

१९७६ च्या प्रचारात या शिकवणीचं एक विलक्षण प्रात्यक्षिक घडलं, आणि जगाने त्याची चेष्टा केली. ‘प्लेबॉय’ मासिकाला दिलेल्या मुलाखतीत, आपण कित्येक स्त्रियांकडे वासनेने पाहिलं आहे आणि मनातल्या मनात व्यभिचार केला आहे, असं कार्टर बोलून गेले. ते वाक्य वर्तमानपत्रांनी उचललं आणि प्रचार कोलमडतो की काय अशी वेळ आली. पण ते वाक्य कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात आलं, हे पाहायला हवं. तुमच्या कडक धार्मिकपणाची लोकांना भीती वाटते, तुम्ही हेकट अध्यक्ष ठराल असं त्यांना वाटतं, त्याबद्दल काय, असा मुद्दा मुलाखत संपता संपता निघाला होता. येशूच्या शिकवणुकीनुसार मनात आलेली वासनाही पापच; तेव्हा बायकोशी एकनिष्ठ राहणाऱ्याने बाहेर भानगडी करणाऱ्याला हिणवू नये, कारण देवापुढे दोघेही सारखेच उघडे आहेत, असं त्यांचं सांगणं होतं. धर्माने मला दुसऱ्याचा न्यायाधीश केलेलं नाही, एवढं सांगण्यासाठी त्यांनी स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. राजकीयदृष्ट्या ते भोळेपणाचं ठरलं. पण श्रद्धेचा भार स्वतःवर घेणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

सत्तेवर आल्यावरही हे सूत्र बऱ्याच अंशी टिकलं. रिचर्ड निक्सन यांच्या काळात व्हाइट हाउसच्या दिवाणखान्यात रविवारच्या उपासना होत, नामवंत पाळक येत, निमंत्रितांची यादी राजकीय हिशेबाने ठरे. कार्टर यांनी ती प्रथा ठेवली नाही. ते इतर सभासदांसारखे वॉशिंग्टनच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये जात आणि अधूनमधून तिथल्या संडे स्कूलचा वर्ग घेत. सरकारी शाळांतल्या अधिकृत प्रार्थनेला सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली मनाई केली होती. ती घटनादुरुस्ती करून परत आणावी अशी मागणी जोरात असताना कार्टर यांनी तिला पाठिंबा दिला नाही. मग शाळांचाच आणखी एक प्रश्न उभा राहिला आणि त्यात त्यांचे स्वतःचे लोक दुरावले. सरकारी शाळांतला वर्णभेद मोडू लागल्यावर दक्षिणेत गोऱ्यांच्या खाजगी शाळा भराभर निघाल्या होत्या, त्यातल्या कितीतरी चर्चच्या नावाने. भेदभाव करणाऱ्या शाळांना करमाफी मिळू नये हे तत्त्व न्यायालयांनी आधीच मान्य केलं होतं. १९७८ साली कर विभागाने ते कसोशीने लागू करण्याचे नियम मांडले, तेव्हा निषेधाच्या पत्रांचा ढीग वॉशिंग्टनमध्ये येऊन पडला. रँडल बामर या इतिहासकाराने साधार मांडलं आहे, की नंतरच्या ख्रिस्ती उजव्या आघाडीला पेटवणारी पहिली ठिणगी गर्भपाताची नव्हती, ती या करमाफीची होती. नियम कर विभागाचे होते, कार्टर यांचे व्यक्तिगत नव्हते. पण कारभार त्यांचा होता आणि रोषही त्यांनाच सोसावा लागला. १९७६ साली आपलाच माणूस म्हणून त्यांना निवडणारे श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल मतदार १९८० साली मोठ्या संख्येने रोनाल्ड रेगन यांच्याकडे गेले. रेगन घटस्फोटित होते, सिनेनट होते, चर्चला क्वचितच जाणारे होते. ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसच्या सभेत त्यांनी पाळकांना सांगितलं, की तुम्हाला मला पाठिंबा देता येत नाही हे मी जाणतो, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. रविवारी वर्ग घेणाऱ्या उमेदवाराला सोडून पाळकांनी त्यांना जवळ केलं. त्या निवडीत श्रद्धा तोलली गेली नव्हती. श्रद्धेच्या नावाने आपल्या पदरात काय पडेल, हे तोललं गेलं होतं.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, की हे संतचरित्र झालं. तसं करण्याचा माझा हेतू नाही, कारण कार्टर यांच्याविरुद्धचा पुरावा भक्कम आहे. १९७० ची राज्यपालपदाची निवडणूक घ्या. चार वर्षांपूर्वी ते वर्णभेदाचे उघड समर्थक लेस्टर मॅडॉक्स यांच्यापुढे हरले होते, आणि त्या पराभवानंतरच त्यांचा धार्मिक पुनर्जन्म झाला असं ते सांगत. पण त्यानंतरच्या प्रचारात त्यांनी वर्णभेदी मतदारांना चुचकारलं. प्रतिस्पर्धी कार्ल सँडर्स कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटूंबरोबर विजयाचा जल्लोष करत असल्याचं छायाचित्र गोऱ्या वस्त्यांत फिरवलं गेलं आणि त्याचा माग कार्टर यांच्या प्रचारयंत्रणेपर्यंत गेला. निवडून आल्यावर, जानेवारी १९७१ च्या शपथविधीच्या भाषणात, वांशिक भेदभावाचे दिवस संपले असं त्यांनी जाहीर केलं, आणि पुढे राज्याच्या विधानभवनात मार्टिन ल्यूथर किंग यांचं चित्र लावलं. समर्थक म्हणतात, हेतू चांगला होता. मला हे समर्थन पटत नाही. ज्याने १९६५ मध्ये सहा मतांच्या बाजूला उभं राहण्याची किंमत मोजली, त्याने १९७० मध्ये ती किंमत मोजायला नकार दिला, आणि तो भार ज्यांचं छायाचित्र शस्त्रासारखं वापरलं गेलं त्यांच्यावर टाकला. श्रद्धा जागी असूनही महत्त्वाकांक्षेने तिला गप्प बसवलं, असंच म्हणावं लागतं.

गर्भपाताच्या प्रश्नावर ही विसंगती आणखी बारीक पण अधिक बोधक आहे. कार्टर यांचा व्यक्तिशः गर्भपाताला विरोध होता. तरीही गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अध्यक्ष म्हणून पाळण्याचं वचन त्यांनी दिलं आणि पाळलं. इथवर भूमिका सुसंगत आहे. पण गरीब स्त्रियांच्या गर्भपातासाठी केंद्र सरकारचा पैसा वापरायला मात्र त्यांनी विरोध केला. जुलै १९७७ मध्ये पत्रकार परिषदेत त्यांना विचारलं गेलं, की श्रीमंत स्त्रीला जे परवडतं ते गरीब स्त्रीला मिळू नये हे न्याय्य आहे का? आयुष्यात पुष्कळ गोष्टी न्याय्य नसतात, असं त्यांनी उत्तर दिलं. ज्या गोष्टीला लोकांचा नैतिक विरोध आहे तिच्यासाठी सरकारने सर्वांचा पैसा खर्चू नये, हा युक्तिवाद मी समजू शकतो. पण त्याचा परिणाम असा झाला, की अध्यक्षांच्या सदसद्विवेकाची किंमत पैसा नसलेल्या बाईने भरली. वर मी जी कसोटी सांगितली तिच्यावर हा निर्णय नापास होतो, आणि तो सोयीस्करपणे गाळून कार्टर यांची बाजू मांडणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

आता जिथे श्रद्धा कामी आली ते उदाहरण, कॅम्प डेव्हिड. सप्टेंबर १९७८ मध्ये तेरा दिवस इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात त्या डोंगरातल्या विश्रामस्थळी कार्टर यांच्यासोबत होते. तिघांनी सुरुवातीला मिळून एक निवेदन काढलं आणि तिन्ही धर्मांच्या लोकांना शांततेसाठी प्रार्थना करण्याचं आवाहन केलं. अशी निवेदनं औपचारिक असतात, त्यावर फार वजन टाकायचं कारण नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. बायबलवर वाढलेल्या माणसाला बेगिन जुन्या नावांनी त्या भूमीबद्दल का बोलतात, आणि सादात यांच्या कपाळावरचा नमाजाचा घट्टा काय सांगतो, हे भाषांतराशिवाय कळत होतं. धर्म म्हणजे वाटाघाटीतला अडथळा, असं मानणाऱ्या मुत्सद्द्याला ते कळणं कठीण. शेवटच्या दिवशी जेरुसलेमविषयीच्या एका पत्रावरून बोलणी फिसकटत आली होती. बेगिन यांनी आपल्या नातवंडांसाठी तिघांचं एकत्र छायाचित्र सहीसकट मागितलं होतं. कार्टर यांच्या चिटणिसाने आठही नातवंडांची नावं मिळवली, कार्टर यांनी प्रत्येक छायाचित्रावर एकेकाचं नाव लिहून सही केली आणि ती घेऊन ते स्वतः बेगिन यांच्या निवासावर गेले. बेगिन एकेक नाव वाचू लागले, त्यांचे डोळे भरून आले, आणि थोड्याच वेळात पत्राच्या मजकुरावर तोडगा निघाला. या बोलण्यांतून इस्रायल आणि इजिप्त यांच्यात झालेला २६ मार्च १९७९ चा तह तेव्हापासून आजवर टिकून आहे. पॅलेस्टिनींचा प्रश्न मात्र त्यातून सुटला नाही. ते त्या डोंगरावर नव्हतेच. पनामा कालव्याच्या तहांबद्दल एवढंच सांगतो, की कालवा त्या देशाला परत करण्यासाठी कार्टर यांनी आपलं राजकीय भांडवल खर्ची घातलं, सिनेटमध्ये लागणाऱ्या ६७ मतांच्या जागी ६८ मिळाली, आणि मतपेटीत त्याचा फायदा काहीच झाला नाही.

सर्वांत कठीण पुरावा एल साल्वादोरचा आहे. तिथलं लष्करी राजवटीने पोसलेलं सरकार शेतमजुरांवर आणि चर्चच्या कार्यकर्त्यांवर तुटून पडलं होतं. १७ फेब्रुवारी १९८० च्या रविवारी सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी मिस्साच्या प्रवचनात एक पत्र वाचून दाखवलं. ते त्यांनी अध्यक्ष कार्टर यांना लिहिलं होतं. तुम्ही ख्रिस्ती आहात आणि मानवी हक्कांचं रक्षण करू इच्छिता असं तुम्ही दाखवलं आहे, म्हणून मी तुमच्याशी बोलण्याचं धाडस करतो, या अर्थाची त्यांची सुरुवात होती. या सरकारला लष्करी मदत देऊ नका, ही त्यांची विनंती होती. सुमारे ५७ लाख डॉलरची मदत तरीही मंजूर झाली, प्राणघातक शस्त्रं त्यात नाहीत असा खुलासा करून. २४ मार्चला मिस्सा चालू असतानाच रोमेरो यांना गोळी घालण्यात आली. डिसेंबरमध्ये त्याच देशात चार अमेरिकी ख्रिस्तसेविकांवर अत्याचार करून त्यांचे खून करण्यात आले, त्यात तीन नन होत्या. तेव्हा कार्टर यांनी मदत थांबवली, आणि पद सोडण्याच्या काही दिवस आधी ती पुन्हा सुरू केली. जवळच्या निकाराग्वात क्रांती झालेली, तेहरानमध्ये ५२ अमेरिकी ओलीस, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा. या सगळ्याच्या दडपणाखाली शीतयुद्धाचं गणित जिंकलं. तेहरानचं सांगायचं तर, ३१ डिसेंबर १९७७ च्या मेजवानीत त्याच शहरात कार्टर यांनी इराणच्या शहांची वारेमाप स्तुती केली होती, आणि शहांच्या तुरुंगांत काय चालतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. मानवी हक्क हा परराष्ट्र धोरणाचा पाया असेल असं म्हणणाऱ्या अध्यक्षांचा हा हिशेब आहे.

यावरून विरोधक म्हणतील, की मग या श्रद्धेचा उपयोग काय? जिथे किंमत स्वतःला मोजायची होती तिथे ती चालली. जिथे दूरच्या परक्या माणसांच्या जिवाचा प्रश्न होता तिथे राज्ययंत्रणेने तिला बाजूला सारलं. आक्षेप खरा आहे, आणि मी तो खोडून काढणार नाही. पण रोमेरो यांचं पत्र पुन्हा पाहू. हे पत्र लिहिणं शक्य झालं ते कार्टर यांनी आपली श्रद्धा आणि तत्त्व दोन्ही उघड सांगितली होती म्हणून. एका गरीब देशातल्या बिशपला जगातल्या सर्वांत बलाढ्य सत्ताधीशाला त्याच्याच शब्दांत धरता आलं. धर्म माझी खाजगी बाब आहे असं म्हणणाऱ्या अध्यक्षाला हे पत्र लिहिता आलं नसतं. लिहिलं असतं तर ते अनाहूत ठरलं असतं. आणि मॉरल मेजॉरिटीच्या वळणाच्या अध्यक्षाला लिहून उपयोग नव्हता, कारण तिथे श्रद्धा आधीच सत्तेच्या बाजूने साक्ष देत उभी असते. पत्राने मदत थांबली नाही. पण १९८० चा तो निर्णय आज आपण ज्या मापाने चुकीचा ठरवतो, ते माप कार्टर यांनी स्वतः जाहीर केलेलं होतं. श्रद्धा उघड सांगणाऱ्या राजकारण्याला ही जोखीम पत्करावी लागते. ती पत्करायची नसेल तर त्याने श्रद्धेचा उच्चारही करू नये.

दुसरा आक्षेप न्याय्य आहे: हे सगळं करायला ख्रिस्ती असण्याची गरज काय? मुळीच नाही. देव न मानणाऱ्या माणसाचा विवेक श्रद्धावंताच्या विवेकापेक्षा रतीभरही कमी नाही, आणि राज्यघटनेने दोघांना एकाच पायरीवर उभं केलं पाहिजे. श्रद्धेला विशेष गुण देण्याचं मी सुचवत नाही. मी एवढंच म्हणतो, की जी श्रद्धा माणसाच्या निर्णयांच्या मुळाशी आहे ती त्याने लपवण्यात लोकांचं हित नाही. कारणं सर्वांना तपासता येतील अशा भाषेत द्यावीत, ही लोकशाहीतली अट श्रद्धावंतालाही आहेच. शालेय प्रार्थनेविरुद्धचा कार्टर यांचा युक्तिवाद ज्यूला, मुसलमानाला आणि नास्तिकालाही पटण्यासारखा होता; त्याचं मूळ बॅप्टिस्ट शिकवणुकीत होतं म्हणून तो बाद होत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा, भारतातला आहे. कार्टर बहुसंख्याकांच्या धर्माचे होते. संयम हा बहुसंख्याकाला शोभतो. जिथे ख्रिस्ती समाज २०११ च्या जनगणनेनुसार २.३ टक्के आहे, तिथल्या ख्रिस्ती राजकारण्याने आपल्या समाजाचे हक्क मागितले तर त्याला श्रद्धेचा गैरवापर म्हणायचं का? अर्थातच नाही. कमजोराने संरक्षण मागणं आणि बलवानाने वर्चस्व मागणं यांना एका तागडीत घालणं अन्याय्य आहे. म्हणूनच आपल्या संविधानसभेतली दोन माणसं मला इथे आठवतात. हरेंद्रकुमार मुखर्जी हे कोलकात्याचे ख्रिस्ती प्राध्यापक संविधानसभेचे उपाध्यक्ष होते. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा ठेवण्याची तरतूद मे १९४९ मध्ये मागे घेतली गेली, तेव्हा त्यांनी आपल्या समाजाला मिळू शकणाऱ्या जागा सोडण्याच्या बाजूने भूमिका घेतली. दुसऱ्या राजकुमारी अमृत कौर, कपूरथळ्याच्या राजघराण्याच्या ख्रिस्ती झालेल्या शाखेतल्या, पुढे देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत धर्माचरणाच्या स्वातंत्र्याची चर्चा चालू होती. तेव्हा त्यांनी आणि मुंबईच्या हंसाबेन मेहता यांनी आग्रह धरला, की या स्वातंत्र्याची ढाल पुढे करून देवदासी, बालविवाह यांसारख्या प्रथांना संरक्षण मिळू नये. लहान अल्पसंख्य समाजातल्या बाईने धर्मस्वातंत्र्य शक्य तितकं रुंद करून घ्यावं, हे स्वाभाविक ठरलं असतं. अमृत कौर यांनी मात्र ज्या बायकांना त्या रुंदीत चिरडलं जाणार होतं त्यांचा विचार आधी केला. सामाजिक सुधारणेसाठी कायदे करण्याची राज्याला मोकळीक देणारा जो भाग आज पंचविसाव्या अनुच्छेदात आहे, त्यामागे अशा आग्रहांचं बळ आहे. दुबळ्या समाजातल्या या माणसांवर संयमाची सक्ती कुणीच केली नव्हती. पण त्यांनी तो दाखवला, आणि म्हणून बहुसंख्याकांच्या धर्माचा राजकारणी जेव्हा श्रद्धेच्या नावाने अधिक मागतो, तेव्हा त्याच्याकडे सबब उरत नाही.

अध्यक्षपदानंतरच्या चार दशकांवरून कार्टर यांची थोरवी सिद्ध करण्याची पद्धत आहे. मी ती वापरत नाही, कारण दानधर्म हा सत्तेतल्या वर्तनाचा पुरावा होत नाही. तरी आपल्याशी जोडलेले तीन धागे नमूद करायला हवेत. त्यांच्या आई लिलियन कार्टर पेशाने परिचारिका. १९६६ मध्ये वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्या पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक संघटनेतर्फे भारतात आल्या आणि मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कामगारवसाहतीतल्या दवाखान्यात त्यांनी काम केलं. २००६ मध्ये स्वतः कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन लोणावळ्याजवळ स्वयंसेवकांबरोबर गरीब कुटुंबांसाठी शंभर घरं बांधण्याच्या कामाला आले. आणि नारू! आपल्या दुष्काळी भागातल्या जुन्या पिढीला हा रोग समजावून सांगावा लागत नाही. पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्यांच्या पायातून हातभर लांबीचा तो कृमी काडीवर गुंडाळत काढावा लागे. भारत आपल्या राष्ट्रीय मोहिमेमुळे नारूमुक्त झाला. जगात, मुख्यतः आफ्रिकेत, १९८६ साली अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ साली ते १४ वर आले, आणि त्यात कार्टर यांच्या संस्थेचा वाटा मोठा आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहारी लोकांचा: ही वाट हरवणारी आहे. १९८० साली कार्टर यांना ५३८ पैकी फक्त ४९ निर्वाचक मतं मिळाली. पण त्या पराभवाचं खापर श्रद्धेच्या संयमावर फोडता येत नाही. महागाई १३ टक्क्यांच्या वर होती, पेट्रोलच्या रांगा लोकांच्या लक्षात होत्या, ओलीस सुटले नव्हते आणि त्यांना सोडवण्याच्या एप्रिलमधल्या मोहिमेत आठ सैनिक वाळवंटात मारले गेले होते. श्रद्धेच्या दुसऱ्या, म्हणजे फॉलवेलच्या, उत्तराने मात्र त्या वर्षापासून अमेरिकेच्या राजकारणात आणि सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या कार्टर यांच्या स्वतःच्या महासंघातही बस्तान बसवलं. बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं असं कलम त्या महासंघाने १९९८ मध्ये आपल्या श्रद्धापत्रात घातलं, आणि स्त्रीने पाळक होऊ नये असं २००० मध्ये. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये छहात्तर वर्षांच्या कार्टर यांनी महासंघाशी असलेलं आयुष्यभराचं नातं तोडलं आणि तसं जाहीर कळवलं. श्रद्धा त्यांनी सोडली नाही, गावातलं चर्चही सोडलं नाही. प्लेन्समधल्या ज्या मरानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये ते रविवारचा वर्ग घेत राहिले, ते कृष्णवर्णीयांच्या प्रवेशावरून जुन्या चर्चमध्ये पडलेल्या फुटीतून १९७७ मध्ये निघालं होतं, आणि तिथे स्त्रिया डीकन होत्या.